ट्राउटला समजावताना

शनिवार, २ मार्च

वेल्समध्ये ब्रेकनच्या वर, नदीकाठचं कॉटेज. दुपारी २.४० ला पोहोचलो. बाहेर सहा डिग्री, डोंगरांच्या माथ्यावर अजून बर्फ, वारा वायव्येकडून. भावना: नॉर्मल.

ही वही पूर्वीने दिली. "बाबा, यात तुमचा फीलिंग्स लिहा," म्हणाली. 'तुमचा' नव्हे, 'तुमच्या', मी सांगितलं. मुलगी लेस्टरला जन्मली, बत्तीस वर्षांची झाली, लंडनच्या इल्फर्डला नवरा आणि मुलीसह संसार करते, पण लिंग अजून चुकतं. असो. एकतीस वर्षं अ‍ॅनेस्थेटिस्ट म्हणून काम केलेल्या माणसाला नोंदी ठेवायला शिकवावं लागत नाही. ऑपरेशन चालू असताना दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. पेशंटला काय वाटतंय याचा रकाना आमच्या चार्टवर नसायचा आणि त्यावाचून कधी काही अडलं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. सप्टेंबरात रिटायर झालो. घरात लक्ष घालायला प्रथमच वेळ मिळाला. आसावरीचं स्वयंपाकघर चौतीस वर्षं देवाच्या भरवशावर चाललं होतं. मी मसाल्यांचे डबे वापराच्या वारंवारतेनुसार लावले, फ्रिजवर आठवड्याचं लॅमिनेटेड वेळापत्रक लावलं, पोळी एका बाजूने किती सेकंद भाजावी ते स्टॉपवॉच घेऊन ठरवलं. सहा जानेवारीला ती आमच्या नातीला, सान्वीला, सांभाळायला पूर्वीकडे गेली. दोन आठवड्यांसाठी. दारात बॅग घेऊन म्हणाली, "मी जाते." मी म्हटलं, "'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं." तिने दार ओढून घेतलं. चूक लक्षात आली असावी.

आता मार्च लागला. लहान मुलं सांभाळणं वेळखाऊ असतं.

मी घराबाहेरचं काहीतरी करावं, हे तिनेच डिसेंबरात सुचवलं होतं. "लांबचं असलं तरी चालेल," म्हणाली. म्हणून फ्लाय फिशिंग. हे आपल्याकडे गळाला गांडूळ लावून बसतात तसलं नव्हे. इथे आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून नकली माशी बनवतात, आणि ती प्रवाहावर इतकी अलगद उतरवायची की ट्राउट माशाला खरी वाटावी. शास्त्र आहे. पाच पुस्तकं वाचली, एकोणीस तास व्हिडिओ पाहिले. शिवाय मासा धरून सोडून द्यायचा असतो, त्यामुळे आमच्या घराच्या शाकाहाराला धक्का नाही. वेल्समध्ये ट्राउटचा मोसम तीन मार्चला उघडतो. म्हणजे उद्या.

रविवार, ३ मार्च

पाण्याचं तापमान ५.५. मासे: शून्य.

शिकवायला इथल्या फिशिंग क्लबने ग्वेन नावाची बाई दिली. वय एकाहत्तर, आयुष्यभर या खोऱ्यात टपाल वाटलं. पात्रतेचं एकही सर्टिफिकेट नाही, मी विचारून घेतलं. तिचे वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतची ती रबरी विजार, चार ठिकाणी ठिगळ लावलेले. माझे नवे. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "फारच कोरडे दिसताय, डॉक्टर."

पुस्तकाप्रमाणे रॉड घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्ये फिरवायचा. मी फिरवला. दोर माझ्या टोपीत अडकला. ग्वेनला मी त्याचं कारण समजावलं: वाऱ्याचा कोन. ती नदीकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "डॉक्टर, पाण्याला मारू नका. त्याने काही केलेलं नाही."

शिकवण्याची पद्धत विस्कळीत आहे. आकृती काढून देत नाही.

मंगळवार, ५ मार्च

मासे: शून्य. एक मेंढी. (कुंपणापलीकडे होती. मागे दोर फेकताना आकडा लोकरीत बसला. ग्वेनने सोडवला. मेंढीने गडबड केली नाही.)

शनिवार, ९ मार्च

पूर्वीचा फोन. विचारलं, "आई कुठे आहे?"

"आई व्ह्यूइंगला गेलाय."

"गेली आहे. कसलं व्ह्यूइंग?"

 मग, "बाबा, ते तुम्ही आईला विचारा ना."

प्रदर्शन असणार. लंडनला म्युझियम भरपूर, आणि तिला चित्रांची आवड आहे असं मला अंधुक आठवतं.

मागून सान्वी ओरडली की आजीने बांगडा केलाय आणि त्याच्यात काटा आहे. पूर्वीने पटकन विषय बदलला. यात लपवण्यासारखं काय आहे? आसावरी देवगडची, लग्नाआधी खायची. आमच्याकडे आल्यावर सोडलं. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यावर लेकीच्या आवडीचं करावंच लागतं.

मासे: शून्य. ग्वेन म्हणते, ट्राउट हिवाळ्यातून बारीक आणि भुकेले होऊन आलेत, त्यांना पकडणं कठीण नाही. माझ्या मते हे मासे अपवादात्मक आहेत.

बुधवार, १३ मार्च

आसावरीशी बोललो. चौदा मिनिटं. पहिली अकरा मिनिटं मी तिला मार्च ब्राउनबद्दल सांगितलं. हा किडा मार्चमध्ये दुपारी एकच्या सुमारास नदीच्या तळातून वर येतो, त्याला पंख फुटतात, आणि त्या अर्ध्या तासात ट्राउट वेड्यासारखे वर येऊन खातात. मग पुन्हा सगळं शांत. ती "हं" म्हणत होती, म्हणजे ऐकत होती.

मग म्हणाली, "अहो, मी आता इथेच राहायचं म्हणतेय."

"राहा की. थंडी संपेपर्यंत राहा," मी म्हटलं. "लेस्टरला तरी एकटी काय करणार? मीही इथे आहे."

 नंतर म्हणाली की तिने इल्फर्डच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलंय. पाहुणी म्हणून राहताना जीपी बदलणं ही अति काळजी झाली, पण डॉक्टरची बायको, सावधगिरी अंगात भिनते. मी कौतुक केलं. तिने फोन ठेवला.

रविवार, १७ मार्च

तीन दिवस पाऊस, नदी चहाच्या रंगाची. ग्वेन म्हणाली, आज मासे नाहीत, पण हवं तर उभं राहा. आम्ही उभे राहिलो. मी तिला ट्राउटच्या कानाच्या रचनेबद्दल सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, "माझा नवरा एडविनसुद्धा खूप बोलायचा. चांगला माणूस होता. म्हणून तर मी मासेमारी सुरू केली."

छंदाला घरातून असं प्रोत्साहन मिळणं भाग्याचं.

संध्याकाळी खिचडी केली. दोन माणसांची झाली. मी स्वतःशीच म्हटलं, "मीठ कमी आहे," आणि कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबलो. बराच वेळ थांबलो. हे लिहायचं कारण नाही, पण पूर्वीने सांगितलंय म्हणून लिहितो.

भावना: खिचडी उरली.

शनिवार, २३ मार्च

मासे: शून्य, पण एक ओढ लागली! दोन सेकंद. रॉड थरथरला, हाताला काहीतरी जिवंत लागलं आणि गेलं. माझ्या तोंडून "आसावरी!" असं निघालं. ग्वेनने विचारलं, हा मराठीत ट्राउटला शब्द आहे का. मी हो म्हटलं. समजावत बसायला वेळ नव्हता.

मंगळवार, २६ मार्च

आसावरी ईस्टरला येतेय! स्वतःहून. शुक्रवार ते सोमवार. "मला तुमच्याशी समोरासमोर बोलायचंय," म्हणाली. फोनवर बोलण्याचा कंटाळा आला असणार. तिला माझा सहवास हवाय. कार्यक्रम आखला, दोन पानी, प्रिंट काढायला ब्रेकनच्या लायब्ररीत गेलो. शनिवारी १ ते १.३० मार्च ब्राउन. तिचं बोलणं शनिवारी ४ ते ४.३० ठेवलंय.

शुक्रवार, २९ मार्च

अ‍ॅबरगॅव्हेनी स्टेशनवर आणायला गेलो. केस कापलेत. खांद्यापर्यंत. "कोणी सुचवलं?" विचारलं. "कोणी नाही," म्हणाली.

गाडीत म्हणाली, "अहो, घराबद्दल बोलायचं होतं. मी तिकडे..."

मी थांबवलं, कारण पुढे अरुंद रस्ता होता आणि समोरून ट्रॅक्टर. वेल्समधल्या एकाच गाडीपुरत्या रस्त्यांवर मागे कोणी घ्यायचं याचे संकेत आहेत, ते समजावले. मग उजवीकडे डोंगर आला, त्याची उंची सांगितली. कॉटेज आलं. राहून गेलं. उद्या चारला आहेच.

शनिवार, ३० मार्च

आज पुष्कळ झालं. क्रमाने लिहितो.

१२.३० ला नदीवर. ग्वेनने आसावरीला स्वतःचे जुने वेडर्स दिले. दोघींनी हस्तांदोलन केलं. ग्वेन म्हणाली, "अच्छा, तुम्ही त्या." आसावरी म्हणाली, "हो, मीच ती." आणि दोघी हसल्या. यात विनोद काय ते मला कळलं नाही.

मी आसावरीला रॉड धरायची पद्धत समजावू लागलो. अंगठा वर, मनगट ताठ, दहा आणि दोन. "कळलं," ती म्हणाली. अजून माझं निम्मंही झालं नव्हतं. "थांब, प्रवाहाचा वेग..." ग्वेन म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही जरा त्या दगडावर बसा." बसलो. बसून सांगत राहिलो.

बरोबर एकला पाण्यावर तपकिरी किडे दिसू लागले, शिडं उभारलेल्या होड्यांसारखे. आणि मग नदीला उकळी फुटली. इथे वर्तुळ, तिथे वर्तुळ. आसावरीने दोर टाकला. पद्धत पूर्ण चुकीची: मनगट सैल, कोपर बाहेर, घड्याळाशी काही संबंध नाही. पहिला लांब गेला. दुसरा आखूड. तिसऱ्यांदा माशी पाण्यावर नुसती ठेवल्यासारखी उतरली आणि ट्राउटने घेतली.

मी उठून ओरडलो, "टोक वर! दोर दे! नको देऊ! उजवीकडे!" तिने एकही गोष्ट केली नाही. मासा ओढत होता, तिने त्याला ओढू दिलं. तो दमला, तिने थोडं जवळ घेतलं. आणि ती हसत होती. मोठ्याने. हा आवाज माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते पटकन आठवेना.

मासा जाळ्यात घेण्याचं काम तज्ज्ञाने करावं म्हणून मी एका हातात जाळं, दुसऱ्या हातात माझा रॉड घेऊन पाण्यात उतरलो. ग्वेन काहीतरी ओरडली. तळाचे दगड गोल आणि शेवाळलेले होते, हे मी दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात वाचलं होतं. पाय सरकला. पाणी छातीवर आलं, मग तोंडावर. प्रवाहाने उचललं. जाळं गेलं. रॉड मी धरून ठेवला होता. त्याला लाइफटाइम वॉरंटी आहे, पण वाहून गेल्यास ती लागू होत नाही.

तेव्हा आसावरी ओरडली, "शेखर, काठी सोड! अरे सोड ना! हात दे!"

सोडली. तिने तिचा रॉड ग्वेनच्या हातात कोंबला होता आणि कमरेएवढ्या पाण्यात येऊन माझ्या वेडर्सचा पट्टा धरला होता. कुठून एवढा जोर आला कोण जाणे. तिने मला पोत्यासारखं काठावर ओढलं. गार पाण्याच्या धक्क्याचे चार टप्पे असतात, ते मी दोघींना सांगायला लागलो, पण दात इतके वाजत होते की पहिल्याच्या पुढे जाता आलं नाही. ग्वेनने तोवर मासा काठाला आणला, आकडा काढला आणि सोडून दिला.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिने मला 'अहो' सोडून दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही. पाण्याच्या आवाजात आदरार्थी क्रियापद लांब पडत असावं.

कॉटेजमध्ये तिने मला ब्लँकेटात गुंडाळलं, चहा केला. चार वाजायला बराच वेळ होता, पण ती समोर बसली.

"मी इल्फर्डला फ्लॅट घेतलाय, व्ह्यूइंगला, म्हणजे बघायला गेले होते तो. भाड्याने. मंगळवारी किल्ल्या मिळणार. आठवड्यातून तीन दिवस एका फार्मसीत काम करते, फेब्रुवारीपासून. मी लेस्टरला परत येणार नाहीये, शेखर."

पुन्हा शेखर. इथे पाण्याचा आवाज नव्हता.

"डिव्होर्स?" मी विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही. सकाळी उठल्यावर कोणी मला काही समजावून सांगू नये, एवढंच सध्या हवंय."

"हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?"

"तीनदा सांगितलं. जानेवारीत दारात. मग फोनवर. आणि काल गाडीत."

ती अंघोळीला गेल्यावर मी वही उघडून पाहिली. तिन्ही नोंदी आहेत. माझ्याच अक्षरात.

रविवार, ३१ मार्च

झोप नाही. सकाळी आसावरी म्हणाली, "मी ग्वेनबरोबर जातेय. तुला यायचं तर ये. पण गप्प बसायचं."

मी दगडावर बसलो. मी आयुष्यात चाळीस मिनिटं जागेपणी गप्प बसलो नव्हतो. ऑपरेशन थिएटरमध्येही समोरचे झोपलेले असले तरी मी बोलत असे. आज बसलो. तोंड मिटल्यावर पहिली दहा मिनिटं फार लांब असतात. मग पाण्याचे दोन वेगळे आवाज आहेत असं लक्षात आलं, एक दगडांवरचा आणि एक त्यांच्यामागचा. हे कुठल्याच पुस्तकात नाही. सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

सव्वा वाजता तिला दुसरा लागला. चांगला हातभर. तिने ग्वेनला विचारलं, "हा ठेवता येईल का?" क्लबच्या नियमाने दिवसाला एक ठेवता येतो. ग्वेनने त्याच्या डोक्यात एकच टोला घातला. मी ते बघितलं.

कॉटेजच्या ओट्यावर आसावरीने तो साफ केला. सुरी इतक्या सहज चालत होती की मला आमच्या सर्जन लोकांची आठवण झाली, त्यातल्या बऱ्या लोकांची. तिखट, हळद, मीठ, लिंबू, वरून रवा. तव्यावर टाकला आणि घरभर वास सुटला. मी खिडकी उघडायला उठलो. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बसलो.

ती टेबलाशी बसून हाताने खाऊ लागली. माझ्यासमोर ती पहिल्यांदाच मासा खात होती. काटे जिभेने वेगळे काढून ताटाच्या कडेला एका ओळीत ठेवत होती, न बघता.

"कसा लागतो?" मी विचारलं.

ती थांबली. मी पुढे काही बोलतोय का, याची वाट बघत असावी. मी बोललो नाही.

"गोडसर," ती म्हणाली. "खाडीतल्यासारखा नाही. जरा मातकट."

"खाडीत कोण पकडायचं?"

"मी. आणि दादा. म्हणजे माझे वडील. भरती लागली की शाळेतून पळून यायचे मी. दादा मला होडीच्या पुढच्या टोकाला बसवायचे, कारण माझ्या हाताला पहिल्यांदा कळायचं, मासा आलाय ते."

मग ती बोलत राहिली. कोणत्या भरतीला कोणता मासा, जाळं फाटल्याबद्दल आईने दिलेला मार, एकदा होडी उलटली तेव्हा दादांनी तिला केसांना धरून कसं वर काढलं. मी तिच्या वडिलांना अकरा वेळा भेटलो होतो. त्यांच्याशी बोलताना मी काय बोललो ते आठवतं. ते काय बोलले ते आठवत नाही.

बाहेर अंधार पडला होता. तिने घड्याळ पाहिलं, म्हणाली, "बाई गं, किती बोलले मी," आणि उठली. भांडी मी घासली. तव्याचा वास जात नाही. फार घासला नाही.

सोमवार, १ एप्रिल

अ‍ॅबरगॅव्हेनीहून ११.१० ची गाडी. ट्रॅक्टर आला, मी मागे घेतलं, काही न बोलता.

प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच. ती म्हणाली, "मी तेरा तारखेला व्हॅन घेऊन लेस्टरला येईन. माझं सामान न्यायला. कपडे, पेटी, आईची भांडी."

"अनुपला घेऊन?" अनुप म्हणजे आमचा जावई.

"हो. तो चालवेल."

गाडी दिसायला लागली. माझ्याकडे म्हणायला पुष्कळ होतं. मुद्देसूद, दोन पानी तरी झालं असतं. मी त्यातलं एकच विचारलं. "मी असू का तेव्हा घरी? की नको?"

तिने विचार केला. खरंच केला, मला वाटलं, गाडी सुटेल. डब्यात चढून दारात उभी राहिली.

"अस की," ती म्हणाली. "पण बॉक्स कसे भरायचे ते सांगायचं नाही."

मी हो म्हणालो. एवढंच म्हणालो. गाडी गेली.

बॉक्स भरताना जड वस्तू खाली ठेवायच्या असतात, हलक्या वर. हे मी तिला सांगितलेलं नाही.